कांदे निघाले की पाहू

५ सप्टेंबर

बायको, अनुसया, काल लेकीकडे आर्वीला गेली. परवा तान्हा पोळा होता. पोट्टे लाकडी बैल घेऊन दारात आले, तिनं सगळ्यांच्या हातावर खाऊ ठेवला आणि काल सकाळी उठून पिशवी भरली. प्रेरणाची बाळंतपणाची रजा संपली आहे. जावई स्वप्निल दिवसभर कामावर असतो. नातवाला, कार्तिकला, सांभाळायला घरात माणूस पाहिजे. हे सगळं मला मान्य आहे. नाही असं मी कुठं म्हटलं?

पुलगावच्या स्टँडवर तिला गाडीत बसवून दिलं. विचारलं, "कधी येशील?" खिडकीतून म्हणाली, "यंदा सांदवाडीत कांदे टाका. कांदे निघाले की पाहू." तेवढ्यात गाडी हलली.

सांदवाडी म्हणजे आमच्या घरामागची जागा. दहा-बारा खाटा मावतील एवढी. तिथं दरवर्षी तीच कांदे लावायची. मागच्या साली तिचे गुडघे दुखत होते म्हणून राहून गेले. मी त्यात कधी हात घातला नाही. माझा जन्म विजेच्या खांबावर गेला.

पण हिशोब सोपा आहे. कांदे लवकर निघाले तर ती लवकर येईल. लाइनमनच्या नोकरीत एक शिकलो, फॉल्ट कुठं आहे ते कळलं की पुढचं काम हातचं.

ही डायरी रिटायर झालो तेव्हा ऑफिसवाल्यांनी दिली होती. तेव्हापासून कोरीच आहे. साल जुनं, वार जुळत नाहीत. छापलेली तारीख खोडून लिहितो. घरात बोलायला कोणी नाही म्हणून लिहितो, दुसरं काही कारण नाही.

७ सप्टेंबर

गणपती बसले. आमच्याकडे बसत नाहीत, मी फक्त आवाज ऐकला.

फडताळात फडक्यात बांधलेलं बी सापडलं. काळं, कोनाकोनाचं, लोणच्यातल्या कलौंजीसारखं. सांदवाडीत कुदळ मारली आणि मुठीमुठीनं फेकून दिलं. संध्याकाळी फोन केला.

"कांद्याचं बी टाकलं."

"आता? भादव्यात? अवो, पाऊस तर जाऊ द्या!"

"पाऊस हाये तर पानी घालाचं काम वाचते."

"बी कोनतं घेतलं?"

"फडक्यातलं."

"ते तर दोन साल जुनं हाये. कांद्याचं बी एक साल टिकते, मंग मरते. आन पावसाच्या पान्यात रोप सडते."

मी म्हटलं, उगवेल ते उगवेल. तिकडे कार्तिक रडायला लागला, फोन बंद.

१९ सप्टेंबर

कुठं कुठं हिरवं दिसलं होतं. चार दिवस पाऊस लागून होता. वाफ्यात पाणी साचलं आणि जे काही आलं होतं ते बुडाशी पिवळं पडून आडवं झालं. आज सगळं फावड्यानं उलटवलं. अनुसयाला सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर

टोपलीतल्या कांद्यांना कोंब आलेत. दोघांच्या अंदाजानं आणलेले, खाणारा एकटा. ते पाहून डोक्यात आलं की बी टाका, रोप करा, रोप उपटा, परत लावा, एवढा खटाटोप कशासाठी? कांदा तर तयार आहे! कोंब वर ठेवून सगळे ओळीनं पुरले. दिवाळीपर्यंत निघायला हरकत नाही.

१० ऑक्टोबर

पात गुडघ्यापर्यंत आली. हिरवीगार. शेजारच्या रूपरावला मुद्दाम बोलावून दाखवली. रूपराव म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त, बोलायला तोंडाळ. कमरेवर हात ठेवून पाहत राहिला आणि खो खो हसायला लागला.

"बापूराव, बह्याड झाला का रे तू? ही पात हाये. वांग्याच्या भरतात टाकून खाय. खाली कांदा नाई भेटत तुले."

"काऊन नाई?"

"अबे, कांदा लावला का त्याले गोंडा येते, गोंड्यात बी येते. कांदा पाह्यजे त बी टाकाव लागते."

म्हणजे बी लावलं तर कांदा आणि कांदा लावला तर बी. हा कुठला न्याय आहे? एक उकरून पाहिला. खालचा कांदा पोकळ होऊन चिकट झाला होता. भरीत केलं. पात छान होती, ते खोटं कशाला बोलू.

रूपराव सोयाबीन घेऊन आर्वीच्या मार्केटला चालला आहे. अनुसयानं त्याच्या हाती मोठी परात मागवली. लेकीच्या घरी परात नाही की काय?

१३ ऑक्टोबर

काल दसरा झाला. लोक सोनं द्यायला आले, सगळ्यांनी विचारलं, वहिनी कुठं आहेत. मी म्हटलं, कांदे निघाले की येते. एकदोघं हसले. हसण्यासारखं काय आहे त्यात?

हिरालालच्या कृषी केंद्रातून नवीन बी आणलं. यंदाचंच का, तीनदा विचारून घेतलं. तो म्हणाला, रब्बीच्या कांद्याला हेच दिवस, दसरा-दिवाळीच्या मधे टाका, फार तर दिवाळीनंतर थोडं पुढे. जमिनीपासून उंच वाफा केला म्हणजे पाणी साचणार नाही. रेघा ओढून बी टाकलं, वर पोतं ओलं करून झाकलं. फोनवर सांगितल्यावर अनुसया म्हणाली, "आता बरोबर." बस, एवढंच. पण बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर

आज सांदवाडी साफ केली. वाफ्यावर बारीक गवत माजलं होतं, केसासारखं, कमरेत वाकलेलं, टोकाला काळा ठिपका. तारेखाली काही वाढलं की कापायचं, ही हाताची सवय आहे, डोळे मिटून चालतो. एकूणएक उपटलं. वाफा असा स्वच्छ झाला की त्यावर जेवायला बसावं.

२४ ऑक्टोबर

रूपरावनं वाफा पाहिला आणि विचारलं, "कांदे कुठी गेले?" मी म्हटलं, यायचेत अजून. त्यानं उकिरड्यावरचं उपटलेलं गवत उचललं, हातावर घेतलं आणि माझ्या हातावर ठेवून गेला.

संध्याकाळी फोन केला. सांगावं की नाही यात बराच वेळ गेला.

"त्याच्या टोकाले काळं बोंड होतं का?" अनुसयानं विचारलं.

"होतं."

"अवो, गवताच्या टोकाले कधी बी लटकते का? कांदाच होता तो. वाकून निघते, मंग सरळ होते."

आणि हसायला लागली. पहिले दाबून, मग मोठ्यानं. मधे श्वास घ्यायला थांबली आणि परत सुरू. मागून प्रेरणा विचारत होती, "आई, काय झालं?" तिला सांगता सांगता आणखी हसली. मी फोन कानाला लावून उभा राहिलो. अनुसया अशी हसते हे माझ्या ध्यानातून गेलं होतं. मला राग यायला पाहिजे होता, तो काही आला नाही.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. एकट्यानं केलं. झाडूला हळदकुंकू लावायचं असतं ते विसरलो, मग नंतर लावलं.

अनुसया आली नाही. म्हणाली, प्रेरणाला दोनच दिवस सुट्टी, लेकरू लहान, तुम्हीच या आर्वीला. मी कसा जाऊ? आमच्यात बाप लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. माझे वडील बहिणीकडे गेले तर स्वतःचा तांब्या सोबत न्यायचे आणि भाकर गावाबाहेरच्या विहिरीवर बसून खायचे. एका दिवसाचं निभावता येतं. पण राहायचं कसं?

"आता कोन पायते ह्या रीती?" ती म्हणाली.

"मी पायतो," मी म्हटलं.

"मंग पायत बसा," म्हणाली. सणाच्या दिवशी एवढंच बोलणं झालं. रूपरावच्या घरून चिवडा-शंकरपाळे आले. शंकरपाळे कडक होते.

६ नोव्हेंबर

तिसऱ्यांदा बी टाकलं. या वेळी अनुसयाला फोनवर ठेवलं, मोबाइल शर्टाच्या खिशात मोठ्या आवाजावर, आणि ती सांगेल तसं करत गेलो.

"शेणखत चाळून घेतलं का? ढेकूळ नको एकबी. वाफा वीतभर उंच करा. आता काडीनं रेघा ओढा. खोल नाई! बोटाचं अर्ध पेर, बस. बी इरळ टाका. दाट टाकलं का रोप केसावानी राह्यते, जोर नाई धरत."

"टाकलं."

"वरून चाळलेलं खत भुरभुरवा. त्याच्यावर कुटार पसरा, पातळ. पानी झारीनं. बादलीनं घालसाल त सारं बी एका कोपऱ्यात जाऊन बसन."

झारी कुठं आहे ते मला ठाऊक नव्हतं. तिनं आर्वीत बसून सांगितलं, न्हाणीच्या वर, पिंपाच्या मागं. तिथंच होती. कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, रूपरावकडून आणलं, तुरीचं जरा टोचतं म्हणून सोयाबीनचं.

"आन उगवून आलं का सांजच्याले कुटार काढजा, उन्हात नाई. आन एक सांगू का?"

"काय?"

"गवत दिसलं त मले इचारल्याबिगर हात लावू नका."

तिनं सांगितलं, शक्य असेल तर एक वाफा आणखी टाका. कांदे जास्त झाले तर बरंच. मी विचारलं, कशाला एवढे? म्हणाली, लागतात. हे मला शुभ वाटलं. जास्तीचे कांदे माणूस आपल्या घरासाठीच मागतो.

१५ नोव्हेंबर

निघाले. वाकलेले, टोकाला काळं बोंड. मी हात मागे बांधून उभा होतो.

८ डिसेंबर

थंडी पडली. दुपारी फोन केला तर अनुसयानं उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मागून कोणी तरी ओरडलं, "काकू, भात!" मी विचारलं, कोण आहे? म्हणाली, पाव्हणे आलेत. मागच्या आठवड्यातही पाव्हणे होते. जावयाच्या घरी असा राबता असेल तर त्याचा पगार कसा पुरतो देव जाणे. मी तसं बोललो नाही. जावयाच्या गोष्टीत बोलू नये.

आता ती दुपारचा फोन घेतच नाही. सकाळीही गडबड असते. दिवस कलल्यावर बोलते, तेही जांभया देत. लेकरू थकवतं म्हणे.

१७ डिसेंबर

रूपराव कापूस घेऊन आर्वीला निघाला. त्याच्या हाती अनुसयानं भात शिजवायचा मोठा गंज मागवला, आमच्या लग्नात आलेला, माझं नाव कोरलेला. सोबत झारा, दोन बादल्या, ताटं असतील तेवढी. मी सगळं काढून दिलं. गंज गाडीत ठेवताना रूपराव माझ्याकडे पाहत नव्हता.

"काय रे?" मी म्हटलं.

"काई नाई," म्हणाला. "तू एकदा जाऊन येजो ना आर्वीले."

"कांदे निघाले का जातो. तिले आनायले."

तो काही तरी बोलणार होता, मग गाडीत जाऊन बसला. तोंडाळ माणूस गप्प बसला की मला काळजी वाटते. घरी काही भांडण झालं असेल त्याचं.

मांडणीवर आता माझं एक ताट, एक गिलास आणि तवा राहिला. धूळ पुसायला सोपं झालं.

पूर्वी एकदा अनुसयानं शाळेतल्या मास्तरांना जेवणाचे डबे द्यायचं काढलं होतं. तिचा हात पहिल्यापासून मोठा, दोघांचं वरण करायला सांगा, दहा जणांना पुरतं. मी म्हटलं होतं, लाइनमनची बायको डबे विकेल, माझा पगार कमी पडतो का? विषय तिथंच संपला. आज रिकामी मांडणी पाहून ते का आठवलं कोण जाणे.

२८ डिसेंबर

रोप सुतळीएवढं जाड झालं. अनुसया म्हणाली, लावा आता. दोन दिवस गेले त्यात. आदल्या संध्याकाळी वाफा ओला करायचा, म्हणजे रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. शेंडा वरून तिसरा हिस्सा कापायचा. पहिले जीव होईना, एवढं जपलेलं आणि कापायचं? पण ती म्हणाली, कापलं की मुळं धरतं. चार बोटांवर एक, मुळापुरतं मातीत, मान दाबायची नाही. मान पुरली तर कांदा पोसत नाही.

सारी सांदवाडी भरली. तिची मोगऱ्याची जागा सोडली. कंबर धरली, पण संध्याकाळी ओळी पाहत बराच वेळ बसलो. रूपरावची बायको भिंतीवरून म्हणाली, "भाऊजी, अनुसयाबाईनंबी एवढे कदी लावले नाई." मी म्हटलं, तिला येऊन पाहू द्या.

१४ जानेवारी

संक्रांत. अनुसया यंदा हळदीकुंकू आर्वीलाच करणार. तिच्या फार ओळखी झाल्या म्हणे, डेपोतल्या बायका, शाळेतल्या बायका. चार महिन्यांत एवढ्या ओळखी? मी नाचणगावात जन्म काढला, मला विचारायला रूपराव सोडून कोणी येत नाही.

आज घरात फार सुनं वाटलं. दुपारी जेवताना गिलास खाली ठेवला त्याचा आवाज झाला, तोच दिवसभरातला आवाज. लिहून ठेवतो. संध्याकाळी फोनवर तिनं विचारलं, "कसं चालू हाये?" मी म्हटलं, "पात चांगली हाये. पानी आठ दिवसांआड देऊन राह्यलो." ती म्हणाली, "बरं."

१० फेब्रुवारी

पातीवर पांढरे चट्टे. बारीक किडे आहेत, डोळे फोडून पाहिले तर दिसतात. निंबोळीचं पाणी मारलं. हात दोन दिवस कडू लागत होते.

१४ मार्च

धुळवडीचा गोंधळ बाहेर. मी दार लावून घेतलं. रूपराव तरी भिंतीवरून रंग टाकून गेलाच. कांद्यांच्या अंगावर पडला, ओरडलो त्याच्यावर.

मातीतून कांद्याचे खांदे वर दिसायला लागले. मी फोनवर सांगितलं तर अनुसया म्हणाली, माती लावू नका, उघडेच राहू द्या. मग म्हणाली, "अवो, तुमी जेवता का बरोबर?" मी म्हटलं जेवतो. आणखी काही विचारेल म्हणून थांबलो. ती पण थांबली असावी. मग मीच म्हटलं, पाणी कधी तोडायचं?

५ एप्रिल

अर्ध्याच्या वर कांद्यांच्या माना पडल्या. पाणी तोडलं. हे असं पात आडवी पडणं म्हणजे पिकल्याची खूण आहे, नाही तर सप्टेंबरात आडवी पडली तेव्हा सडल्याची होती. दिसायला सारखंच.

१४ एप्रिल

काढले. पातीसकट उपटायचे, तिथंच थोडे सुकू द्यायचे, मग सावलीत पसरायचे. पांढरे, घट्ट, काही मुठीत मावत नाहीत. ओसरी भरली. रूपराव आला, एक हातात घेऊन वजन पाहिलं, आणि म्हणाला, "मानलं तुले." गंमत नव्हती त्यात.

मी म्हटलं, "आता येते ती."

त्यानं कांदा परत ठेवला. "बापूराव, जाय तू. फोन नको करू. जाय."

२० एप्रिल, आर्वी

हे मी आर्वीत बसून लिहितो आहे.

सकाळच्या एसटीनं आलो. कांद्याचं पोतं टपावर चढवलं, भाकर आणि पाण्याची बाटली पिशवीत. दार प्रेरणानं उघडलं. मला पाहून तिचा चेहराच बदलला.

"बाबा! आत या ना."

"आई कुठं हाये?"

तिनं स्वप्निलकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे. "पहिले पानी तर घ्या."

"मी इथं पानी घेत नाई, तुले ठाऊक हाये. आई कुठं हाये?"

"मंग चला," ती म्हणाली, आणि पायात चप्पल घातली.

डेपोच्या मागच्या गल्लीत एक भाड्याची खोली, समोर पत्र्याचा मांडव. मांडवात बाकं, बाकांवर ड्रायव्हर, कंडक्टर, कॉलेजची पोरं जेवत होती. आत चुलीवर मोठा गंज, त्यावर माझं नाव. कार्तिक पोत्यावर बसून कांद्याची सालं उडवत होता. आणि अनुसया पदर खोचून उभी, घामानं भिजलेली. सात-आठ महिन्यांत जराशी बारीक झाली आहे. पण गुडघ्यावर हात ठेवत नव्हती.

मला पाहून ती एकदम थांबली. मग पोत्याकडे पाहून म्हणाली, "आले का कांदे? आत आना, उन्हात नका ठेवू."

जसा काही मी भाजीवाला.

मी पोतं खाली टाकलं. "कांदे निघाले. चाल आता."

"कुठं?"

"घरी."

"मी 'पाहू' म्हटलतं. 'येईन' नाई म्हटलतं."

"हे काय हाये सारं?"

"खानावळ. दिवाळी झाल्यावर काढली. लेकराले घेऊनच येतो सकाळी, आन बायका हायेत मदतीले. तुमाले इचारलं असतं त तुमी काय म्हटलं असतं ते मले ठाऊक हाये. तुमालेबी ठाऊक हाये."

ठाऊक होतं. म्हणून आणखी राग आला. लोक जेवता जेवता पाहत होते. मला लाज वाटली, मग लाजेचाही राग आला, आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, "तिकडे माह्याकडे एक ताट हाये, एक गिलास हाये. सारी भांडी नेली तू एक-एक करून, मी आपल्या हातानं काढून देल्ली. तू इथं साऱ्या आर्वीले जेवू घालून राह्यली आन मी तिकडे दार लावून पात मोजतो! दिवाळी एकट्यानं केली. संक्रांत एकट्यानं केली. घर खायले उठते. मले तुह्याबिगर करमत नाई, अनुसया."

मांडवात कोणी घास घेत नव्हतं. प्रेरणानं तोंड फिरवलं. अनुसया हातात झारा घेऊन उभी होती, तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"हे काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली. "रोज फोन करत होते. रोज. वाफा, रोप, पानी, पात. मी फोन घेऊन बसत होतो सांजच्याले, का आता म्हनतीन, आता म्हनतीन. मले वाटलं, तुमाले कांदेच पाह्यजे."

भाताला वाफ येत होती, अनुसया गंजाकडे वळली.

थोड्या वेळानं मी विचारलं, "मंग येत नाई का तू?"

"नाई," म्हणाली, पाठ करूनच. रागानं नाही, साधंच म्हणाली. "मांगं जागा हाये. एक खाट मावते आनखी. ही लेकीची जागा नाई, भाडं मी देतो. पाहा तुमी."

बाकावरच्या एका कंडक्टरला वाटलं असावं की भांडण संपलं. त्यानं ताट पुढे केलं आणि मलाच म्हणाला, "काका, उलसक वरण आना ना इकडे."

मी अनुसयाकडे पाहिलं. ती पाहत नव्हती. वरणाची बादली माझ्या पायाशीच होती, आमच्याच घरची. मी बाही वर केली, बादली उचलली आणि वाढायला गेलो.